मायच्या पाठीचे फोटो

लकवा झाल्यापासून माय दीड वर्ष खाटेवर होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या कमरेखाली, माकडहाडापाशी, जखम झाली. परभणीचे डॉक्टर एकदा घरी येऊन पाहून गेले. जीपमध्ये घालून तिला नेणं-आणणं म्हणजे हालच, म्हणून ते म्हणाले, "पट्टी बदलताना रोज फोटो पाठवत जा. मी बघून औषध सांगतो."

पट्टी बायको करायची, फोटोही तीच काढायची. चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "बल्बच्या उजेडात सगळं पिवळं दिसतंय. मांस लाल आहे का काळं पडलंय, ते मला कळत नाही. दिवसाच्या उजेडात काढा."

मानवतला माझा फोटोचा धंदा आहे. वीस वर्षं लग्नं काढतोय. बायकोनं मुकाट्यानं मोबाईल माझ्या हातात दिला.

मायनं तोंड भिंतीकडं फिरवलं. आजारपणातही मी खोलीत आलो की चांगल्या हातानं ती पदर ओढून घ्यायची.

"तू नको. सूनबाई काढील."

"माय, डॉक्टरला नीट दिसायला पाहिजे."

ती भिंतीकडं बघतच म्हणाली, "तर मग डोळे मिटून काढ."

खाट पूर्वेच्या दारापाशी सरकवली. ऊन थेट पडलं की जखमेच्या कडा दिसेनाशा व्हायच्या, म्हणून दाराला वडलांचं जुनं धोतर बांधलं. उजेड मऊ झाला. पलीकडून बायकोनं थर्माकोलचा तुकडा धरला, तशी खोलगट भागातली सावली निघून गेली. नवरीच्या चेहऱ्यासाठी जे जे शिकलो होतो, ते सगळं मायच्या उघड्या पाठीवर वापरलं. पहिलाच फोटो इतका स्वच्छ आला की मलाच तो बघवेना.

"आता कसं छान कळतंय," डॉक्टर म्हणाले.

जखम मात्र पसरत होती. औषधं बदलली, हवेची गादी आणली, दर दोन तासांनी आम्ही तिची कूस बदलायचो. रोजचे फोटो एकामागून एक सरकवले की कडा काळ्या पडत चाललेल्या दिसायच्या. डॉक्टर सांगायच्या आधी मला कळलेलं असायचं.

एका सकाळी तिनं विचारलं, "कमी दिसायलंय का रे?"

"लय कमी झालंय."

"दाव बरं."

मी मागं सरकवत सरकवत गेलो आणि पहिल्या आठवड्यातला फोटो काढून तिच्या डोळ्यांसमोर धरला. ती बघत राहिली.

"ही निळी चादर तर तुझ्या बायकोनं कवाच फरशी पुसायला घेतली."

मी मोबाईल मागं घेतला.

"असू दे," ती म्हणाली. "चांगला काढलास."

त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. मी रोज आठ वाजता खाट सरकवायचो, फोटो काढायचो, पाठवायचो. आमच्यात बोलणं उरलं नव्हतं. मग ताप चढला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिला आंघोळ घालायला भावकीतल्या बायका आल्या. मला बाहेर काढलं. दार लागता लागता मी बायकोला म्हणालो, "डाव्या कुशीवर घ्या. पाठ घासू नका."

"आता काय दुखणार हाय त्यांना," ती म्हणाली, आणि रडतच तिनं दार लावून घेतलं.

बाहेर चुलतभावानं फ्रेमसाठी फोटो मागितला. मोबाईल चाळला. गेल्या पाच वर्षांत मी मायच्या चेहऱ्याचा एकही फोटो काढलेला नव्हता. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून घेतला. त्यात ती कुणीतरी दुसरीच बाई वाटते.

महिन्याभरानं डॉक्टरांना भेटलो. "जीपमध्ये घालून सुरुवातीलाच दवाखान्यात आणली असती तर?" मी विचारलं.

"या वयात फार फरक पडला नसता," ते म्हणाले.

फार, असं म्हणाले. म्हणजे थोडा पडला असता. त्या थोड्याचं काय करायचं, ते मला अजून उमगलेलं नाही. ते फोटो पुसायला घेतो आणि मोबाईल उपडा ठेवून देतो.