बंद पडण्याची वाट पाहणारा माणूस

“बंद पडू दे की.”

गाडीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला अण्णांचं पहिलं उत्तर हेच असे. पाना काढायचा नाही, बॉनेटला हात लावायचा नाही. मागच्या सीटवर जाऊन बसायचं आणि गाडी बंद पडेपर्यंत फिरायचं. “चालत्या गाडीला काय इचारणार?” ते म्हणत. “ती समदं बरं हाय म्हणूनच सांगती.”

असे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. आता फारसे उरलेले नाहीत. बेळगावात कॅम्पाच्या मागच्या रस्त्याला अण्णांचं पत्र्याचं शेड होतं. माणूस मूळचा निपाणीचा. निम्मं आयुष्य तिथं काढूनही निपाणीचा विषय निघाला की ‘आमच्याकडं’ म्हणायचा.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा थकलो होतो. बायकोच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा जांबोटीहून बेळगावला डायलिसिससाठी जावं लागे. मशीन दहाला मिळायचं. उशीर झाला की नंबर पुढच्या पेशंटला जाई, आम्हाला उरलेल्या वेळावर भागवावं लागे, आणि संध्याकाळी तिचे पाय सुजलेले दिसत. आमच्याकडच्या बसचा भरवसा नाही. होती ती पंचवीस वर्षांची पांढरी पेट्रोल गाडी, आणि ती दोन महिन्यांपासून वाटेत बंद पडू लागली होती. बारा-पंधरा किलोमीटर नीट धावायची, मग आचके देऊन थांबायची. पाव तास गेला की आपोआप सुरू. तीन मिस्त्र्यांनी पंप बदलला, फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर दोनदा धुतला. त्यांच्या दारात ती एकदाही बंद पडली नाही.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले.

“टाकी फुल करून आणता काय?”

“हो. आदल्या दिवशीच भरतो. वाटेत संपायला नको.”

“आनि ह्या मिस्त्री लोकांनी आदी काय केलं?”

“झाकण उघडून पेट्रोल आहे का ते बघितलं.”

अण्णा कानाची पाळी चोळत उभे राहिले. “परवा येतो,” एवढंच म्हणाले.

परवा म्हणजे डायलिसिसचा दिवस. शेड बंद ठेवून पहिल्या बसनं ते जांबोटीला आले, चहा घेतला आणि मागं बसले. मी गाडी सुरू करताच मागून आवाज आला, “आज पडू दे बंद.”

बायको पुढं बसली होती. तिनं मान वळवली. “अण्णा, असं नका हो म्हणू. माझा नंबर जाईल.”

“वैनी, एक डाव पडू दे. पुन्हा तुमचा नंबर जानार न्हाय.”

मी घड्याळाकडे बघत चालवत होतो. बंद पडावी की पडू नये, काय मागावं तेच मला कळेना. जंगल संपता संपता गाडीनं आचका दिला आणि थांबली.

अण्णा उतरले. बॉनेटकडे गेलेच नाहीत. टाकीशी वाकले आणि झाकण अगदी हळू फिरवलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली. तो आवाज मला पुढच्या सीटवर ऐकू आला.

“मारा सेल्फ.”

गाडी सुरू झाली. अण्णा झाकण उलटं धरून खिडकीशी आले. झाकणाच्या आत सायकलच्या ट्यूबची गोल कापलेली चकती घट्ट बसवलेली होती.

“ह्यो कुनाचा कारभार?”

माझाच. जांबोटीचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. दोन महिन्यांपूर्वी, पावसाळ्याच्या शेवटी, टाकीत पाणी शिरलं होतं, म्हणून मी कात्री घेऊन बसलो होतो. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, तेही त्या चकतीखाली बुजलं.

“पेट्रोल जितकं भाईर जातंय, तितकी हवा आत नको व्हय? टाकीनं दम कसा घ्यावा? आनि फुल भरलासा की आत मोकळी जागा कमी. मग लौकर गुदमरती. पाव तास थांबलं की फटीतनं जरा हवा शिरती, पुन्हा चालती. त्या तिघांनी झाकण उघडलं की बरी व्हायची, म्हणून त्यांच्या दारात चालली.” मग हळूच, “मास्तर, शाळंत काय शिकवत हुतासा?”

“विज्ञान,” बायकोनं सांगितलं. “हवेचा दाब. हे घरातल्या खिडक्यासुद्धा अशाच लावून घेतात.”

दोघं हसले. खूप दिवसांनी ती हसली होती. दहाला पाच कमी असताना आम्ही पोचलो.

त्यानंतर दीड वर्ष गाडीमुळे एकदाही उशीर झाला नाही. तरी महिन्यातून एक-दोनदा अण्णा हॉस्पिटलच्या आवारात यायचे. “गाडी बघायला आलतो,” म्हणायचे. गाडीला काही झालेलं नसे. वरच्या वॉर्डात कधी आले नाहीत. चार तास माझ्याशेजारी बाकावर बसायचे, दोघांनी मिळून दोन-तीन वाक्यं बोलायची. बायको गेली त्या दिवशीही ते खालीच होते. माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता हात पुढं केला. मी किल्ली दिली. शववाहिकेच्या मागं त्यांनीच गाडी चालवली, आणि सगळं झाल्यावर बसनं परत गेले.

मग माझं बेळगावला जाणं थांबलं. जायला काही कारणच उरलं नाही. अण्णांनाही भेटलो नाही. याचं वाईट वाटतं, पण तेव्हा उठून कुठं जावं एवढंही बळ नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. “अण्णा गेले, मास्तर. अकराला नेणार.”

नऊ वाजून गेले होते. मी तसाच निघालो. गाडी कुठंही थांबली नाही. मी पोचलो तेव्हा अजून नेलं नव्हतं. शेडच्या मागच्या खोलीत त्यांना पांढऱ्या कपड्यात निजवलं होतं. मी जवळ बसलो. कुणीतरी त्यांचे हात घासघासून स्वच्छ केले होते, इतके की ते त्यांचे वाटत नव्हते.

“मीच घासले,” मुलगी म्हणाली. “आदी रॉकेलनं, मग साबनानं. तरी नखातलं काळं निघालं न्हाय वो.”

“राहू दे,” मी म्हटलं.