हॉलमधला उत्तर समुद्र

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूनगॅबीपासून समुद्र गाडीने तासभर लांब आहे, तरी लॉकडाऊनमध्ये तो आमच्या भाड्याच्या घरात शिरला. मीच बादल्या भरभरून आणला होता.

शाळा बंद, मुलं घरी आणि शिकवणं आईबापांच्या गळ्यात! आमच्या आठ वर्षांच्या सईला विषय आला, समुद्रकाठच्या छोट्या डच गावातलं रोजचं जीवन. शुक्रवारी दुपारी व्हिडिओवर सगळ्या वर्गाला ते दाखवायचं होतं.

"बाबा, पोस्टर नको हं. एव्हरीवन इज डूइंग पोस्टर्स."

(पोस्टरच करायला हवं होतं.) पण मी पडलो इंजिनियर, तोही कौन्सिलच्या ड्रेनेज विभागातला. लोकांच्या घरात पाणी शिरू नये म्हणून पगार घेणारा माणूस पोस्टरवर थोडाच भागवतो!

नेमका त्याच आठवड्यात घराच्या एजंटचा, डॅरेनचा फोन आला. आमचं लीज संपत आलं होतं. मालकाने नवंकोरं कार्पेट घातलं होतं आणि ते आम्ही कसं ठेवलंय यावर लीज वाढवायचं की नाही हे ठरणार होतं. "लॉकडाऊन आहे, मी आत येणार नाही. सोमवारी बाहेरूनच, खिडकीतून बघून जाईन. नो वरीज, मेट!"

ऑस्ट्रेलियन माणूस 'नो वरीज' म्हणाला की माझ्या वरीज सुरू होतात. अशा दिवसांत बिऱ्हाड घेऊन जायचं कुठे? त्यात सासूबाई थोड्या दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या होत्या. त्या कार्पेटवर मी पाऊलसुद्धा बिचकत टाकत होतो.

आणि त्याच कार्पेटवर मी समुद्र बांधला! बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून सईचा हवा भरून फुगवायचा रबरी टब हॉलमध्ये आणला. त्यात पाणी आणि खायचा निळा रंग, की झाला डचांचा उत्तर समुद्र. टबाची फुगलेली कड म्हणजे बंधारा. त्याच्या पायथ्याशी खोक्यांची घरं, कारण डच गाव समुद्रापेक्षा खाली असतं.

"खाली प्लास्टिक तरी अंथर," माझी बायको मृणाल म्हणाली.

"मृणाल, मी ड्रेनेजवाला आहे!"

"म्हणून तर म्हणतेय," असं म्हणून ती बेडरूममध्ये ऑफिसच्या मीटिंगला गेली.

शुक्रवारी वर्ग सुरू झाला. मी पडदे ओढायला गेलो, तर सई ओरडली, "बाबा, नो! डच लोक पडदे उघडे ठेवतात. दे हॅव नथिंग टू हाइड." नाइलाजाने पडदे उघडे राहिले. मग सईने सासूबाईंना पाहुणी म्हणून बसवलं, कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डबा खटकन बंद केला.

"एकच?" सासूबाई हादरल्या. "अगं बाई, दुष्काळ पडलाय का तिकडे?"

"आजी, दॅट्स द कस्टम!"

आता पवनचक्की राहिली होती. पुठ्ठ्याची, झकास झाली होती, पण कडेवर उभी राहीना. मी म्हटलं, त्यात काय! टाचणी घेतली आणि पवनचक्की बंधाऱ्यावर पक्की ठोकून दिली.

फुस्स्स...

वर्ग टाळ्या वाजवत होता. मी मात्र वाकणारी पवनचक्की बघत होतो. तेवढ्यात खिडकीबाहेर हालचाल झाली. डॅरेन! सोमवारचा माणूस शुक्रवारी! (घरात शिरायचं नसल्यामुळे त्याची कामं भराभर उरकत होती म्हणे.) त्याने काचेतून हात हलवला. मीही हसून हात हलवला आणि आधार द्यायला बंधाऱ्याला पाठ टेकून बसलो. लॉकडाऊनमध्ये वाढलेलं माझं वजन! उरलीसुरली हवा एका दमात गेली आणि उत्तर समुद्र माझ्या खांद्यावरून गावात घुसला.

"इट्स वर्किंग!" वर्गातलं कुणीतरी किंचाळलं.

मी टॉवेलसाठी धावणार, तेवढ्यात सासूबाई उठून दाराकडे निघालेल्या दिसल्या.

"आई, नको! दार उघडू नका! तो एजंट आहे!"

"असेना! थंडीत दाराशी उभ्या माणसाला चहा न विचारता घालवू? आपण काय डच आहोत?" त्यांनी दार सताड उघडलं. "कम, कम! टी टेक!"

"आय कान्ट कम इन," मास्कमधून डॅरेन म्हणाला. त्याला आत येता येईना, म्हणून समुद्रच त्याच्या भेटीला गेला. उंबरा ओलांडून त्याच्या बुटांपर्यंत निळंशार पाणी.

"मेट, पाइप फुटला का?"

"नो," सई म्हणाली. "इट्स द नॉर्थ सी."

माझ्या डोळ्यांसमोर फुटपाथवर आमच्या सामानाची खोकी दिसायला लागली. सासूबाईंना मात्र माणूस रिकाम्या हाताने उभा आहे एवढंच दिसत होतं. त्यांनी शंकरपाळ्यांचा अख्खा डबा आणून त्याच्यापुढे धरला, झाकण काढून! डॅरेनने मास्क खाली केला. एक खाल्ली. मग मूठभर घेतल्या. पायरीवर ओल्या बुटांनी उभा राहून तो खात होता आणि त्या वाढत होत्या.

"सोमवारी परत येतो," शेवटी तो म्हणाला. "तोवर कार्पेट सुकलं, तर मी आज आलोच नव्हतो." सुकलं! मृणालने हेअर ड्रायरने, सासूबाईंनी जुन्या साड्यांनी आणि मी फक्त मान खाली घालून ते सुकवलं. निळा डागसुद्धा राहिला नाही. लीजही वाढलं. सोमवारी त्याला दुसरा डबा मिळाला हे सांगायला नकोच.

पण शुक्रवारी जाता जाता, पिशवीभर शंकरपाळ्या घेऊन तो थबकला होता. माझ्या भिजलेल्या पँटकडे, मग कार्पेटकडे बघत त्याने विचारलं, "तू इंजिनियर आहेस ना? कसला रे?"

मी डोळ्यांची पापणीही न हलवता म्हणालो, "सॉफ्टवेअर, मेट."