टोस्ट-रॅकखाली बसलेले मामा

काँक्रीटच्या प्रेमात आकंठ बुडालेला माणूस मी अख्ख्या इंग्लंडात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात त्यांची हयात गेली, पण ते स्वतः मात्र पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट काळच्या राखाडी इमारतींना भुलले ते कायमचेच. बाकीचे डॉक्टर सुट्टीत स्पेनला जात. मामा बल्गेरियातल्या कुठल्याशा डोंगरावरचं पडकं सभागृह बघायला जात. "मला पॅरिस सांगून बल्गेरियात, सोफियाला नेलं ह्यांनी, तेही हनिमूनला!" असं मामी येईल त्याला सांगत. गणपतीची आरती संपून प्रसाद हातात पडायच्या आत मामांचा लॅपटॉप उघडलेला असे, आणि त्यावर युगोस्लाव्हियातली युद्धस्मारकं. "बघा, ना राजा, ना घोडा. साध्या माणसांसाठी एवढं मोठं कोणी बांधलंय का?" आम्ही माना डोलावत मोदक संपवायचो.

कॉव्हेंट्रीजवळच्या आमच्या गावात, पार्कमध्ये, असंच एक स्मारक होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या इथल्या आणि तिथल्या लोकांसाठी पोलंडमधल्या एका गावानं कम्युनिस्ट काळात भेट दिलेलं. काँक्रीटचे उंच, उभे पंख. लोक त्याला टोस्ट-रॅक, म्हणजे टोस्ट उभे ठेवायची जाळी, म्हणत आणि मामा भडकत. गेल्या हिवाळ्यात त्याचा एक तुकडा निखळून खालच्या बाकावर पडला. नशिबानं बाक रिकामं होतं, पण कौन्सिलनं स्मारक पाडायचं ठरवलं.

पाडायच्या दिवशी सकाळीच मामींचा फोन आला. "अरे, हे स्मारकाच्या कुंपणाच्या आत जाऊन बसलेत. लवकर ये."

पोचलो तर मामा फोल्डिंगच्या खुर्चीवर, नेमके तडा गेलेल्या पंखाखाली. क्रेन थांबलेली, पोलीस आलेले. वाऱ्याची झुळूक आली की वरून खडी गळत होती. मामांची बायपास होऊन फार दिवस झाले नव्हते.

"मामा, बाहेर या ना. खरंच पडेल हो ते."

"काही पडत नाही. दुरुस्त होतं हे. इंजिनिअरला आणा, मग उठतो."

पोलीस पुढे सरकला की मामा उठून पंखाला पाठ लावत, आणि खडी आणखीच गळे. पोलीस जागीच थांबला.

तेवढ्यात मामींनी कुंपणाची जाळी बाजूला केली आणि त्या सरळ आत गेल्या. आम्ही सगळे ओरडलो. त्या जाऊन मामांच्या शेजारी, ओल्या गवतावर बसल्या.

"तू आधी बाहेर जा," मामा खुर्चीवरून उठत म्हणाले.

"का? पडत नाही म्हणालात ना? मग मीही बसते."

मामांनी वरच्या तड्याकडे पाहिलं, मग मामींकडे. मामींच्या केसांत खडीचा एक दाणा पडला होता. तो मामांनी अलगद काढला, खुर्ची मिटली आणि मामींचा हात धरून बाहेर आले.

दुपारपर्यंत सगळे पंख जमिनीवर आले होते. मामा टोपी काढून शेवटपर्यंत उभे होते. क्रेनवाला खाली उतरून आला. "सॉरी, दोस्त. कोणासाठी होतं हे?" मामांनी सांगितलं. त्यानंही हेल्मेट काढून सगळं ऐकून घेतलं.

आता तिथे हिरवळ आहे. फिरायला गेलो की मामा तिथे थबकतात आणि मान वर करतात, थेट पंखांची टोकं होती तिथपर्यंत. मग मीही वर बघत उभा राहतो.