सुमनमावशींचे नवे केस

सुमनमावशींची जट आम्ही कार्यकर्त्यांनी कापली, त्याला तीन आठवडे झाले. अकरा वर्षं ती त्यांच्या मानेवरून लोंबत होती. केसांचा गुंता झाला, लोकांनी त्याला देवीची खूण म्हटलं आणि त्या दिवसापासून मावशींना फणी बंद झाली.

आज मी जटेबद्दलची माहितीपत्रकं घेऊन आले, तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. डोक्यावर पेरापेक्षाही आखूड, काळे केस उगवले होते. शेजारच्या गंगूबाई थांबून म्हणाल्या, "सुमे, देवीचं लेणं कापलंस. कोप होईल बघ." मावशींचा चेहरा उतरला.

माझं डोकं तापलं. डोक्यावर दिसतो तो केस मेलेलाच असतो. जिवंत असतं ते कातडीखालचं इवलंसं मूळ. कात्री तिथवर पोचतच नाही. तिथल्या पेशी काही काळ विसावतात, मग जाग्या होतात आणि नवा केस घडवू लागतात, कुणाचीही परवानगी न घेता. आणि आपण काय केलं? मेलेल्या गुंत्याला हळदकुंकू वाहिलं. त्याच्या ओझ्यानं वाकलेल्या जिवंत मानेकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही!

हे सगळं मी ओरडून सांगणार, तोच मावशींनी गंगूबाईंचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. "कोप झाला असता तर हे उगवलं असतं का गं? बघ, कसे टोचतात."

गंगूबाईंनी हात काढून घेतला, पण लगेच नाही.

मावशी माझ्याकडे वळल्या. "पोरी, पुढच्या वेळी ती कागदं नको आणूस. फणी आण. बारीक दातांची."