पोराचा वाटा

शिव्या द्यायच्या सोडल्या, तर अक्काला जन्मात कशाची घाई नव्हती. सोनगीरजवळच्या एका गावची ती सुईण. सत्तर सालच्या आसपास मी धुळ्याला शिकून, पांढरी साडी आणि नवी कात्री घेऊन तिथं सरकारी नर्स म्हणून गेले. मी कात्री उकळायला ठेवली की अक्का पोट धरून हसायची. "कात्रीना चहा करस का वं?" पुढं तीही आपला विळा गुपचूप उकळू लागली, पण कबूल करील तर शपथ!

आमचं वाजायचं ते नाळेवरून. मूल बाहेर आलं की लगेच नाळ कापायची, हे माझं शिक्षण. अक्का मात्र नाळ चिमटीत धरून मांडी घालून बसे. आतला ठोका थांबला, नाळ पांढरी पडून लुळी झाली, की मगच विळा उचली. "ते रंगत त्याना वाटा शे. तू कोन आडवी येनारी?" रंगत म्हणजे रक्त. मी तिला तोंडावर अडाणी म्हणे आणि ती मला त्याहून बरंच काही म्हणे.

मग माझीच बाळंतपणाची वेळ आली, तीही महिनाभर आधी. धुळ्याची एसटी यायच्या आत सगळं उरकलं. पोरगा मूठभर, फिक्कट, रडणं मांजराच्या पिल्लाएवढं. "काप, अक्का, काप!" मी किंचाळले. तिनं पोराला फडक्यात गुंडाळून माझ्या मांड्यांशी ठेवलं आणि नाळ धरून बसली.

"तू आते नर्स नई, बाळंतीन शे. गप पडी राय!"

तिच्याकडूनच शिकलेल्या सगळ्या शिव्या मी तिला दिल्या. ती ढिम्म. हळूहळू पोराचे ओठ गुलाबी झाले, मग तळपाय, आणि मग त्यानं असं भोकाड पसरलं की शेजारीण दारात आली. "देख, जेवीसनी ऊना तुना पोऱ्या," म्हणजे पोर जेवून आलं, असं म्हणत अक्कानं विळा उचलला.

त्यानंतर मीही थांबू लागले. डॉक्टर खेकसले तर कात्री सापडत नाही म्हणायचं. पुढं बोदवडला बदली झाली, अक्का गेल्याचं तिथंच कळलं.

नोकरी संपता संपता एका प्रशिक्षणात तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नाळेची घाई करू नका, बाळाचं रक्त त्याला मिळू द्या, पुढं कित्येक महिने ते रक्त कमी होऊन पांढरं पडत नाही. बाकीच्या लिहून घेत होत्या. मी रडत होते. पोराला एकदा नेऊन अक्काच्या पायांवर घालायला हवं होतं. नाही घातलं. शिकलेली होते ना मी!