रेषेवरचे शुक्राणू

इस्पितळात त्यांना सगळे टिकटिक काका म्हणत. उजव्या मुठीत मोजणीचं छोटं यंत्र; अंगठा दाबला की 'टिक्' व्हायचं आणि आकडा एकानं पुढे सरायचा. शेवटच्या खोलीत, पडदे ओढून, भिंगाला डोळा लावून ते चौतीस वर्षं एकच काम करत आले होते: शुक्राणू मोजणं. बाहेर बाकावर पुरुष माना खाली घालून बसलेले असत. आत फिकट उजेडाचा गोल, आणि त्यात शेपट्या हलवत निघालेले इवले प्रवासी. चांदण्यातलं तळं पाहावं तसे काका पाहत राहत. गर्दी दिसली की पुटपुटत, "आज खेळ हाऊसफुल्ल!" तळं रिकामं निघालं, की मात्र त्या दिवशी चहाही गोड लागत नसे.

त्यांची मुलगी संशोधक. पुरुषांचे शुक्राणू पिढीगणिक घटताहेत, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. दुसरे म्हणतात, छे, मोजायच्या पद्धती बदलल्या, म्हणून आकडे बदलले. मुलीनं बाबांच्या मोजणीच्या जुन्या वह्या मागून घेतल्या. एकच खोली, एकच माणूस, एकच डोळा! असा पुरावा आणखी कुठे मिळणार? तीन वर्षं खपून तिनं प्रबंध लिहिला.

प्रबंध द्यायला दहा दिवस उरले असताना, एका दुपारी तिनं जेवणाच्या टेबलावर आलेख पसरला. "बाबा, तुमच्या वह्यांनी निकाल लावला. घटलेत!"

"चौतीस वर्षं शेजारणींना सांगायची चोरी, की आमचे हे मोजतात तरी काय," आई ताटं मांडत म्हणाली. "आता म्हणे छापूनच येणार!"

काका हसले नाहीत. आलेखाची रेघ बराच वेळ सरळ चालत होती आणि एका जागी जिन्याची पायरी चुकावी तशी धाडकन खाली आली होती.

"ही पायरी कुठली गं?"

"तेरावं वर्ष. का?"

गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. लेकीला डॉक्टरेट मिळाली असती. काकांचा अंगठा उगाचच टेबलावर दाबला गेला.

"ही पायरी मी बांधलीय."

मग त्यांनी सांगितलं. मोजायच्या काचेवर चौकटी आखलेल्या असतात. चौकटीतले मोजायचे, पण जे नेमके रेषेवर बसलेत, त्यांचं काय? काकांना काम शिकवणारे थोरले साहेब मोठ्या मनाचे. म्हणायचे, "उंबऱ्यावरचाही घरातलाच." म्हणून काकांनी रेषेवरचा प्रत्येक जण धरला. दोन चौकटींच्या मधला तर दोन्ही घरांत मोजला गेला. बारा वर्षं! पुढे एका प्रशिक्षणात खरा नियम कळला: वरच्या आणि डाव्या रेषेवरचे धरायचे, खालच्या आणि उजव्या रेषेवरचे सोडायचे. काकांनी परत येऊन मुकाट्यानं पद्धत बदलली. वहीत त्याची नोंद केली नाही.

"तीन वर्षं, बाबा! वह्या देताना तोंडाला कुलूप होतं?"

"विसरलो म्हटलं तर खोटं होईल. लाज वाटली, बेटा."

"आधी जेवा," आई म्हणाली. "आकडे काही पळून जात नाहीत."

मुलगी न जेवताच उठली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या अंधाऱ्या खोलीत वही घेऊन हजर होती. तिनं मुदत वाढवून घेतली. दोन महिने काकांनी येणारा प्रत्येक नमुना दोनदा मोजला: एकदा थोरल्या साहेबांच्या मनानं, एकदा नियमानं. ती शेजारी बसून लिहायची. सुरुवातीला दोघांत टिकटिक सोडून काही बोलणं नव्हतं. हळूहळू तीही अधूनमधून भिंगात डोकावू लागली आणि मग तिलाच उठावंसं वाटेना.

उंबऱ्यावरच्यांमुळे जुना आकडा जवळजवळ सहाव्या हिश्शानं फुगला होता. तेवढा वजा केल्यावर पायरी नाहीशी झाली. उरला तो इतका नाजूक उतार, की त्यावर गोटी ठेवली तर घरंगळेल की नाही, हे पैजेवर सांगता येऊ नये.

"मग? घटलेत की नाही?" आईनं विचारलं.

"आमच्या वह्यांवरून तरी सांगता येत नाही," मुलगी म्हणाली. तिनं प्रबंधाचा मथळा बदलला. निकालाच्या जागी प्रश्न आला, आणि पहिल्याच प्रकरणात बाबांची चूक आली, बाबांच्याच शब्दांत.

शेवटच्या नमुन्यानंतर काका काच धूत होते.

"बाबा, ते रेषेवरचे अजून दिसतात तुम्हाला?"

"दिसतात की," काका म्हणाले. "सोडायचे ते सोडतो. पण एकदा बघून घेतो सगळ्यांना."

त्यांनी काच उजेडाकडे धरली. आता तिच्यावर नुसत्या चौकटी होत्या.