कागद निघालेला दगड

भालेराव सर गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आला तो दगड. याची लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. पाच आठवडे झाले, अजून हातातलं काम अर्धवट टाकून मी घरभर फिरते.

सर कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. ते निवृत्त झाल्यावर दर रविवारी मी जुन्या बाजारातून उचललेले दगड घेऊन त्यांच्या बिबवेवाडीच्या घरी जायची आणि ते, "ही गारगोटी. हा फरशीचा तुकडा. पुढचा?" असं म्हणत माझी हौस मोडायचे. दिवाळीनंतर मी एक पांढरा, मेणचट खडा नेला. सरांनी तो ओरखडून पाहिला नाही. ग्लासात पाणी घेतलं आणि खडा आत सोडला. तो जवळजवळ दिसेनासाच झाला... बोट घातलं तेव्हा हाताला लागला. "क्रायोलाइट," सर हळू आवाजात म्हणाले. "हॅलाइड. आपल्या मिठाच्या भावकीतला. ग्रीनलंडची खाण कधीच संपली, आता मिळायचा नाही." मग उलटसुलट करून त्यांनी विचारलं, "याच्या पाठीवर कागद होता का?"

होता. दिवाळीच्या साफसफाईत पितळेच्या भांड्यांबरोबर मी तो खडाही चिंचेने लख्ख घासला होता.

"अहो, दगड ओळखायला मी आहे. तो कोणी खणला, कोणाच्या हातून पुण्यात आला, ते त्या कागदावर होतं. निम्मी किंमत त्याची. ती तुम्ही मोरीत सोडलीत." मग म्हणाले, "भांडी मात्र चकचकीत झाली असतील."

मला ते फार लागलं. दगड तिथेच टाकून उठले ती चार महिने फिरकले नाही. रविवारी चपला घालायची, परत काढायची. त्यांनी फोन करावा असं वाटायचं, आणि फोन करणाऱ्यातले ते नव्हेत हेही ठाऊक होतं.

परवाच्या रविवारी सरांच्या पत्नीला, वहिनींना, भेटायला गेले. खिडकीजवळच्या टेबलावर पाण्याचा ग्लास भरलेला होता. "दर रविवारी भरून ठेवायचे," त्या म्हणाल्या. "कोणासाठी विचारलं, की म्हणायचे, सुमतीबाई येतील. आज तुम्ही येणार म्हणून मी भरला." मग त्यांनी डबीतून दगड काढून दिला. पाठीवर नवा कागद होता, शेवटच्या आजारपणात सरांनी चिकटवलेला. अक्षर थरथरलेलं. क्रायोलाइट. ग्रीनलंड. खणणारा माहीत नाही. हातून : सुमती, सदाशिव पेठ.

"घाला ना पाण्यात," वहिनी म्हणाल्या. "मलाही बघू दे."

ग्लासापर्यंत नेलेला हात मी मागे घेतला. कागद भिजला असता.